कूड आणि चौक

भिंतीतून उजाडताना मी पहिल्यांदा पाहिलं ते डहाणूजवळच्या एका पाड्यावर, १९९६ साली. तिथल्या आश्रमशाळेत मुलांसाठी चित्रकलेचं शिबिर होतं आणि शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी मला मुक्कामाला आपल्या घरी नेलं होतं. पहाटे जाग आली तेव्हा समोरची भिंत काळी होती. थोड्या वेळाने तिच्यात एक ठिपका उजळला, मग दुसरा, आणि बघता बघता कुठे सुईच्या टोकाएवढ्या, कुठे तांदळाच्या दाण्याएवढ्या फटींतून अंगणातला उजेड आत झिरपू लागला. लिंपण वाळून सुटलं होतं तिथे आतल्या कारवीच्या काठ्या दिसत होत्या. कोंबडा आरवला तो माझ्या उशाशीच आरवल्यासारखा वाटला. पलीकडच्या बैलाचा श्वास ऐकू येत होता. मी घरात होते, डोक्यावर छप्पर होतं, पाठीखाली सारवलेली जमीन होती. पण घर नेमकं कुठे संपतं आणि बाहेर कुठे सुरू होतं, असं कुणी विचारलं असतं तर मला बोट दाखवता आलं नसतं.

उजेड आणखी वाढला तशी त्याच भिंतीवर पांढरी रेघ दिसू लागली. मावशींच्या मुलाच्या लग्नात काढलेला चौक होता तो. दोन पावसाळे खाल्लेला, खालचा कोपरा पुसून गेलेला. अंथरुणातून न उठता मी तो बराच वेळ पाहत राहिले.

मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. मुलांना निसर्गचित्र काढायला सांगितलं की वर्गातल्या चाळीसही वह्यांत एकच चित्र उमटतं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघून थेट अंगणात येणारी नदी, उतरत्या छपराचं घर आणि शेजारी एक नारळ. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जन्मलेली मुलंही हेच घर काढतात. मला या चित्राचा कधी कंटाळा आला नाही. पण त्यात मी काय दुरुस्त करत होते, ते त्या पहाटेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. क्षितिजरेषा आधी आखून घ्या, घराची उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू वेगळी दाखवा, झाड घरामागे असेल तर भिंतीने झाकलेला भाग काढू नका, हे मी सांगत असे. इंटरमिजिएटच्या परीक्षेला ते लागतं आणि शिकण्यासारखंही आहे. मात्र त्या शिकवण्यात एक गोष्ट न बोलता धरून चाललेली असते, की घर म्हणजे एक घट्ट ठोकळा आणि निसर्ग म्हणजे त्याच्या मागे टांगलेला पडदा.

मावशींच्या जमातीच्या, म्हणजे वारल्यांच्या, चित्रात असं घर सापडत नाही. तिथे क्षितिज नाही, वर-खाली असंही फारसं नाही. भिंत काढायची ती बारीक उभ्या-आडव्या रेघांच्या जाळीने, आणि त्याच चित्रात घराच्या आत चुलीशी बसलेली बाई, दळणारी बाई, धान्याची कणगी, बांधलेली गुरं, सगळं दिसतं. झाड घरापेक्षा मोठं असतं, बहुतेकदा खूपच मोठं. त्याचं एकेक पान काढलेलं असतं. आश्रमशाळेतल्या मुलांनी पहिल्या दिवशी अशीच घरं काढली होती आणि मी एकाला विचारलं होतं, “अरे, भिंतीतून आतलं कसं दिसेल?” तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. कुडाच्या घरात एक रात्र काढल्यावर हा प्रश्न मी पुन्हा कुणाला विचारला नाही. त्या मुलाने जे रोज पाहिलं होतं तेच काढलं होतं.

कूड म्हणजे भिंतच, पण ती रचत नाहीत, बांधतात. आधी मेढी रोवायच्या, त्यांच्यावर आढं आणि वासे चढवायचे. मग दोन मेढींच्या मधली जागा कारवीच्या काठ्या उभ्या लावून, बांबूच्या कामट्यांनी आवळून भरून काढायची. माती, शेण आणि भाताचं तूस एकत्र मळून दोन्ही अंगांनी हाताने थापायचं आणि वाळलं की गेरूचा हात फिरवायचा. कारवीची गोष्ट तर मला अजून पुरती पचलेली नाही. सह्याद्रीच्या उतारांवर ती दाटीने वाढते, सात-आठ वर्षं नुसती पानांवर असते. मग एका पावसाळ्याच्या अखेरीला अख्खा उतार जांभळा होतो, बी धरतं, आणि फुललेली सगळी कारवी एकदम मरते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१६ मध्ये आणि मग २०२४ मध्ये असा बहर येऊन गेला. मरून वाळलेल्या त्या काठ्या माणसांच्या भिंतीत येतात. मावशींच्या घरातली कारवी कुठल्या डोंगराची आणि कुठल्या बहराची, हे त्यांचे सासरे बोटं मोजून सांगत. आमच्या घराच्या विटा कुठून आल्या, हे आमच्या इमारतीतल्या एकालाही सांगता येणार नाही.

ही भिंत सतत मागत असते, हेही सांगायला हवं. पावसाच्या झडीने लिंपण ढिलं होतं, उंदीर वाटा पाडतात, वाळवी चढते. पाऊस सरला की पुन्हा माती आणा, शेण आणा, लिंपा, सारवा. हे काम बायकांचं, आणि ते कष्टाचं आहे. मावशींचे तळहात मी पाहिले आहेत. कुडाच्या घरावर शहरात बसून प्रेम करणं सोपं असतं, म्हणून हे लिहून ठेवते.

चित्राचा पांढरा रंग तांदळाचा. तांदूळ भिजवून वाटायचा, पाण्यात कालवायचा, धरून राहावा म्हणून थोडा डिंक. बांबूची काडी टोकाशी चावून चावून तिचे तंतू मोकळे करायचे, तोच कुंचला. म्हणजे काठ्या डोंगराच्या, लिंपण अंगणातल्या मातीचं आणि गोठ्यातल्या शेणाचं, आणि रेघ खाचरातल्या भाताची. झाडाचं चित्र काढायला ती बाई भिंतीसमोर उभी राहते तेव्हा तिच्या समोरची भिंत अर्धीअधिक झाडाचीच असते. माझ्या हातात कार्ट्रिज कागद असायचा. तो कशाचा होतो, असा विचारही माझ्या मनात कधी आला नव्हता.

त्या सकाळी मावशी चहा घेऊन आल्या तेव्हा मी चौकाकडे बोट करून विचारलं, आत कोण आहे?

“पालघट.”

वारली चित्रांची सारी भाषा वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन यांवर उभी आहे. वर्तुळ सूर्य-चंद्राकडून आलं, त्रिकोण डोंगर आणि टोकदार झाडांकडून, असं या कलेचे अभ्यासक सांगतात. चौकोन मात्र रानात कुठे सापडत नाही. तो माणसाने आखला. शेताचा तुकडा, घराची जागा, कुंपण, जे जे आपलं म्हणून वेगळं काढलं त्याची ही खूण. निवाऱ्याचा मूळ आकार म्हणायचा तर तोच. आणि लग्नाच्या दिवशी, घरातल्या आतल्या भिंतीवर, सवासिनी हा माणसाचा आकार काढतात, त्याच्या चारही कडांना नक्षीचे पदर चढवतात, आणि त्यात बसवतात पालघटीला. ती वनस्पतींची, सुफळपणाची देवी. तिला घर मिळतं. माणसं मात्र चौकाच्या बाहेर असतात. तिथे तारपा वाजवणारा आहे, एकमेकांच्या कमरेला हात घालून फेर धरणारे आहेत, ताडावर चढणारा आहे, घोड्यावरचा नवरदेव आहे. झाडं, मोर, साप, वाघ हेही तिथेच, माणसांच्या मधे मधे, कुणी मोठं नाही, कुणी राखीव नाही.

हे लक्षात आलं तेव्हा माझ्या हातातला चहा गार झाला होता. घर आणि निसर्ग अशी जोडी मी हजार वेळा काढून घेतली होती, आणि दर वेळी माणूस आत, झाड बाहेर. इथे एका घराच्या आत दुसरं घर काढलं होतं आणि ते झाडांच्या देवीला देऊन घरचे लोक उघड्यावर नाचत होते. मी मावशींना विचारलं, देवी आत का? त्यांना प्रश्नच विचित्र वाटला असावा. “बाई, ती पाहुणी ना? पाहुण्याला आधी बसायला द्यायचं.” चौक निघाल्याशिवाय आणि लग्न लावणाऱ्या धवलेरीने गाणी म्हणून देवांना बोलावल्याशिवाय लग्न लागत नाही. निवारा द्यायचा तो आधी तिला, नवरा-नवरीचा संसार त्यानंतर.

आतल्या भिंतींवरची अशी चित्रं एरवी बाहेरच्यांच्या नजरेला पडत नाहीत. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला, घरं कोसळली, आणि मधुबनी भागात नुकसान पाहत फिरणाऱ्या विल्यम आर्चर या इंग्रज अधिकाऱ्याला मिथिलेतल्या घरांच्या आतल्या भिंती दिसल्या. लग्नाच्या कोहबर खोलीत बायकांनी काढलेली कमळं, बांबूचं बेट. घर फुटलं म्हणून ते चित्र जगाला कळलं. मला ही हकीकत नेहमी हलवून सोडते. तिथेही नव्या संसाराच्या खोलीत आधी वनस्पती आणून बसवलेली होती. पुढे १९६०च्या दशकातल्या दुष्काळात, लोकांच्या हातात चार पैसे यावेत म्हणून हस्तकलांसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकर यांनी भास्कर कुळकर्णी या चित्रकाराला मधुबनीला पाठवलं. त्यांनी बायकांना कागद दिला. हेच कुळकर्णी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला डहाणू तालुक्यातल्या गंजाडला आले आणि इथेही कागद आला. दोन वेगवेगळ्या प्रांतांतल्या लग्नाच्या भिंती एकाच मराठी माणसाच्या हातून कागदावर उतरल्या, याची नोंद आपल्याकडे व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

गंजाडच्या कळंबीपाड्यावर त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले. जन्म १९३४चा. लहानपणी आई गेली आणि त्या धक्क्याने कित्येक वर्षं ते बोलले नाहीत, धुळीत रेघा काढून सांगायचं ते सांगत, असं त्यांच्याबद्दल सांगतात. चौक काढण्याचा मान बायकांचा. म्हसे लग्नाची वाट न पाहता रोज काढत राहिले. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री, आणि २०१८ मध्ये ते गेले. त्यांचं मासेमारीचं जाळं ज्याने पाहिलंय तो विसरणार नाही. अख्खं चित्र त्या जाळ्याने भरलेलं, इतकं बारीक की रेघ श्वास रोखून काढली असावी. मला त्यात कूडच दिसतो. त्यांच्याबद्दलची एक गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. कॅनव्हास ते आधी शेणाने सारवून घेत. बाजारातून आलेल्या कापडाला त्यांनी आधी भिंत केलं आणि मगच त्यावर रेघ काढली.

कागदाने वारल्यांना पैसा दिला, नाव दिलं, परदेशी पाठवलं. त्याबद्दल कुरकुर करण्याचा अधिकार मला नाही. तरी एक गोष्ट कागदावर बदलली. भिंतीवरचं चित्र घराबरोबर झिजतं, पुढच्या सारवणात त्याच्यावर लिंपण चढतं आणि ते त्याच भिंतीत जिरतं. कागदावरचं चित्र काचेआड जातं आणि तसंच राहतं. तो चौक कुणाच्या घरात नसतो. २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला म्हसे आणि इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांचं एकत्र प्रदर्शन झालं. लाँग पायी चालतात, चालताना सापडलेल्या दगडांची वर्तुळं मांडतात, आणि संग्रहालयाच्या भिंतीवर चिखल हाताने थापून चित्रं करतात. प्रदर्शन संपलं की तो चिखल धुतला जातो. पाश्चात्त्य कला शिकून शेवटी हाताने भिंत लिंपण्यापाशी आलेला एक माणूस, आणि भिंत लिंपण्यापासून निघून कॅनव्हासपाशी पोचलेला दुसरा. मी ते प्रदर्शन पाहिलं नाही. पाहिलेलं नसूनही ते माझ्या मनात बऱ्याचदा भरतं.

आणखी एकाची आठवण इथे निघायलाच हवी. १८८५ साली हॉलंडमधल्या न्यूनेन गावी व्हिन्सेंट व्हॅन गॉख शेतकऱ्यांच्या गवताने शाकारलेल्या झोपड्या रंगवत होता. त्याच वर्षी शरदात त्याने पक्ष्यांची घरटी रंगवली. नुसतीच घरटी, काळ्या पार्श्वभूमीवर. तो घरटी जमवत असे आणि झोपड्यांना माणसांची घरटी म्हणत असे. त्या झोपड्या पाहिल्या की भिंत कुठली आणि जमीन कुठली हे पटकन कळत नाही, दोन्हींचा रंग एकच, मातीचा. युरोपातल्या निसर्गचित्रांमध्ये शेतावरची टुमदार घरं पुष्कळ आहेत. मला ती सजावट वाटतात. न्यूनेनची झोपडी तशी वाटत नाही, कारण काढणाऱ्याने ती विणलेली आहे हे ओळखलं होतं.

आता जे सांगायचं ते सांगायला मला जड जातं. ठाण्यात आमच्या सोसायटीच्या कंपाउंडला लागून एक उंबर होता. माझ्या खिडकीतून दिसायचा. फळं आली की पहाटेपासून हळदे, बुलबुल, कोकिळा, आणि रात्री वटवाघळं. त्याच्या मुळांनी कंपाउंडच्या भिंतीला तडा गेला आणि सभेत विषय आला. भिंत की झाड असा प्रश्न होता, आणि तो तसा मांडला गेला तेव्हाच निकाल लागलेला होता. मी बोलले, पण उशिरा आणि हळू. झाड गेलं. भिंत दुरुस्त झाली, दोन फुटांनी उंच झाली, वर काचा बसल्या. मग ती नवी भिंत ओकीबोकी दिसते म्हणून वारली चित्रं काढावीत असं ठरलं, आणि मी चित्रकलेची शिक्षिका म्हणून सगळे माझ्याकडे आले. मी हो म्हटलं. इमारतीतल्या मुलांना घेऊन तीन रविवार मी त्या भिंतीवर काढत होते. विटकरी रंगाचं डिस्टेंपर, पांढरा ॲक्रिलिक. उंबर होता नेमका त्या जागी मी एक मोठं झाड काढलं, खूप पानांचं, फांद्यांवर पक्षी असलेलं. सगळ्यांनी त्याचे फोटो काढले.

ते काढायला नको होतं, असं माझं आता स्पष्ट मत आहे. महाराष्ट्रात आज शाळांच्या, स्टेशनांच्या, सरकारी कचेऱ्यांच्या आणि सोसायट्यांच्या कुंपणभिंतींवर ही चित्रं दिसतात. काढणारी मुलं मन लावून काढतात, त्यांचा त्यात काही दोष नाही. पण कुंपणाची भिंत कुडाच्या नेमकं उलट काम करते. तिच्यातून उजेड येऊ द्यायचा नसतो, आवाज नको, मुंगूस नको, मूळ तर नकोच. तिच्यावर तारप्याचा फेर काढला म्हणजे ती कूड होत नाही. एवढं खरं, की त्या पन्नास फुटांत मी नाच काढला, शेत काढलं, विहीर काढली, पण चौक काढला नाही. एका मुलीने विचारलंही, “टीचर, तो स्क्वेअर नाही काढायचा?” मी नाही म्हटलं. आत बसवायला कुणी नव्हतं.

मावशींकडे माझं जाणं-येणं राहिलं. कुडाचं घर कमी कमी होत गेलेलं मी पाहिलं. आधी पेंढा जाऊन कौलं आली, मग पुढच्या खोलीला विटा, आणि शेवटी घरकुल मंजूर झालं. घरकुल म्हणजे सरकारी योजनेतलं किमान २५ चौरस मीटरचं पक्कं घर. सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब, आतून हिरवा ऑइलपेंट. पहिल्या पावसाळ्यानंतर मी गेले तेव्हा मावशींनी मला हाताला धरून सगळं घर दाखवलं. गळत नाही, साप येत नाही, लिंपायला लागत नाही. त्यांच्या तोंडावरचं समाधान खरं होतं आणि ते त्यांच्या हक्काचं होतं. ज्या भिंतीतून मी उजाडताना पाहिलं ती सारवायला आता त्यांच्यात त्राण नव्हतं आणि सुना कामाला बाहेर जात होत्या. रानात कारवी तोडायलाही पूर्वीसारखं मोकळेपणाने जाता येत नव्हतं. मी त्या रात्री तिथे राहिले. पहाटे खिडकीतून उजाडलं, आमच्याकडे उजाडतं तसंच.

गेल्या वैशाखात मावशींच्या नातवाचं लग्न झालं. मी आदल्या दिवशीच पोचले. घरात चौकावरून बोलणं चाललं होतं. नातू म्हणत होता, छापील चौक मिळतो, फ्लेक्सवर, खिळे मारून लावता येईल. त्याची काही चूक नव्हती, ऑइलपेंटवर तांदळाची रेघ थांबत नाही, घसरून खाली येते. मावशींना आता नीट दिसत नाही. त्या भिंतीपाशी गेल्या, तळहात फिरवला आणि सुनेला म्हणाल्या, “खरवड.”

दोघी सुनांनी पत्र्याच्या तुकड्याने हाताला हात लावून चार हात रुंद आणि चार हात उंच एवढा रंग खरवडून काढला. खालचं सिमेंट टाचणीने टोचल्यासारखं खडबडीत केलं. मग जुन्या कुडाच्या जागेवरची माती आणली, शेण आणलं, मळलं आणि थापलं. दुपारपर्यंत ते तडकून खाली पडलं. पुन्हा थापलं, या वेळी तूस जास्त घालून. तेही कडेने सुटलं. संध्याकाळी मावशी स्वतः बसल्या. भिंत आधी ओली करून घेतली, हाताने पातळ थर दिला, तो अर्धवट सुकेपर्यंत थांबल्या, मग दुसरा. मी बादली धरून शेजारी उभी होते.

तिसऱ्यांदा धरलं. सकाळी त्यावर गेरू चढला, सवासिनी आल्या, तांदूळ वाटला गेला आणि चौक निघाला. लग्न दुपारी लागलं.